पाणी कुठवर आलंय?



भूगोलाच्या तासाला नकाशात मेकाँग शोधली होती, आठवतंय? गेल्या वर्षी तिच्या काठी, लाओसमधल्या लुआंग प्रबांगला, चार दिवस नुसती बसून होते. तिथे नाम खान नदी मेकाँगला मिळते. लॅपटॉप कपाटात, मी व्हरांड्यात, समोर लांबट होड्या. कौतुकाने आईला व्हिडिओ कॉलवर नदी दाखवली. तिचा पहिला प्रश्न, “पाणी कुठवर आलंय गं?”

२६ जुलै २००५ला उल्हास नदी आमच्या बदलापूरच्या तळमजल्यात शिरली होती. २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हा पुन्हा.

खरं सांगते, उतरल्याबरोबर मीही घाटाच्या पायऱ्या मोजल्याच होत्या. पाण्यावर अकरा उघड्या होत्या. तेवढं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मग बस आता निवांत.”