नावातील मोकळी जागा

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदांचे: स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. ग्वाल्हेर घराण्याचे थोर गायक कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांचे नाव असेच. त्यांनी १९१४ साली ग्वाल्हेरीत काढलेले संगीत विद्यालय पुढे वडिलांच्याच नावाने ओळखले गेले. ही तीन पदे मिळून एकच व्यक्ती, हे ऐकणाऱ्यास सांगावे लागत नाही. संगणकास मात्र ते सांगावे लागते.

टंकलेल्या आज्ञा वाचून त्या अमलात आणणाऱ्या यंत्रणेस ‘शेल’ म्हणतात. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलची रीत आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहे. मोकळी जागा आली की शब्द संपला, ही ती रीत. उलट फायलीच्या नावात मात्र तिरपी रेघ आणि शून्य-अक्षर सोडून काहीही चालते. घोटाळ्याचे मूळ ह्या विसंगतीत आहे.

समजा, एका संग्राहकाकडे दोन छायाचित्रे आहेत. एका फायलीचे नाव ‘कृष्णराव शंकर पंडित’, दुसरीचे नुसतेच ‘शंकर’. पहिलीची प्रत अन्यत्र ठेवून झाली, म्हणून आवर्तनात ती पुसण्याची आज्ञा दिली. पण नाव अवतरणचिन्हांत घातले नाही. शेल तीन नावे वाचतो. ‘कृष्णराव’ आणि ‘पंडित’ सापडत नाहीत, अशी तक्रार करतो; ‘शंकर’ मात्र निमूटपणे पुसून टाकतो. मुलाचे चित्र जागच्या जागी, वडिलांचे गेले!

हे काल्पनिक भय नव्हे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपल कंपनीच्या ‘आयट्यून्स २’च्या स्थापना-लिपीत अशीच अवतरणचिन्हे राहून गेली आणि काही ग्राहकांच्या डिस्कवरील मजकूर नाहीसा झाला. कंपनीस तातडीने दुरुस्त आवृत्ती काढावी लागली.

नावात मोकळी जागाच ठेवू नये, असे काही जाणते सांगतात. सल्ला सोयीचा, पण अपुरा. फायलींना नावे देणारे बहुधा दुसरेच कोणी असतात. यादी छापणाऱ्या आज्ञेचे उत्तर आवर्तनास पुरवू नये. तेथेच नावे तुटतात. त्याऐवजी तारकाचिन्ह द्यावे, म्हणजे प्रत्येक नाव अखंड येते. पुढे ते वापरताना प्रत्येक वेळी चल दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. आरंभी आडवी रेघ असलेले नाव आज्ञेचा पर्याय समजले जाते, म्हणून त्यापूर्वी टिंब व तिरपी रेघ लिहावी. पोटफोल्डरांतून शोधून आणलेली नावे शून्य-अक्षराने विभागावीत, कारण नावात नवी ओळसुद्धा असू शकते.