रंगवलेल्या मिशीमागे



ग्राउचो मार्क्स हे नाव तुम्हांला कदाचित माहीत नसेल, पण त्याचा चेहरा तुम्ही नक्की पाहिला असेल. काळ्या फ्रेमचा गोल चष्मा, मोठं नाक, जाड भुवया आणि झुबकेदार मिशी असा प्लास्टिकचा मुखवटा मुलांच्या वाढदिवसाच्या सामानात मिळतो, तो या माणसाच्या चेहऱ्यावरून केलेला. ग्राउचोची मिशी मात्र खरी नव्हती. नाटकाच्या दिवसांत एकदा त्याला यायला उशीर झाला, मिशी चिकटवायला वेळ उरला नाही, तेव्हा त्यानं मेकअपच्या काळ्या रंगाचा फटकारा ओठावर ओढला आणि तसाच रंगमंचावर गेला. प्रेक्षक तितकेच हसले. मग पुढची कित्येक वर्षं, चित्रपटांतही, तो रंगच त्याची मिशी झाला. प्रयोग संपल्यावर तोंड धुतलं, की रस्त्यात त्याला कोणी ओळखत नसे.

त्याचं मूळ नाव ज्यूलियस. जन्म न्यूयॉर्कचा, 1890 सालचा. घर गरीब ज्यू कुटुंबाचं. या मुलाला डॉक्टर व्हायचं होतं, पण घरात पैसा नव्हता. प्राथमिक शिक्षण पुरं व्हायच्या आतच शाळा सुटली आणि तो गाणारा पोरगा म्हणून रंगमंचावर उभा राहिला. पुढे भावांसह त्यानं 'अ‍ॅनिमल क्रॅकर्स', 'डक सूप', 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' असे चित्रपट केले आणि मार्क्स बंधू जगभर गाजले. ती कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते तोंड धुतल्यानंतरच्या माणसाबद्दल.

हा माणूस अधाशासारखा वाचायचा. 1929 साली शेअर बाजार कोसळला, त्यात त्याची सगळी पुंजी गेली आणि झोप जी उडाली ती जन्मभर; मग रात्री सोबतीला पुस्तकंच. शाळा सुटल्याची खंतही आयुष्यभर राहिली. ती त्यानं वाचून आणि लिहून भरून काढली. तो मासिकांत लिहायचा, पुस्तकं लिहायचा, लेखकांशी पत्रव्यवहार ठेवायचा. नट म्हणून अमाप प्रसिद्धी मिळूनही आपल्याला लेखकांनी आपल्यातलं मानावं, ही त्याची आतली इच्छा होती.

आणि 1961 साली त्याला एका कवीचं पत्र आलं. कवी साधासुधा नव्हता, टी. एस. एलियट होता. आपल्याकडे मर्ढेकरांच्या कवितेबद्दल बोलताना ज्याचं नाव हमखास निघतं, तो एलियट. त्यानं एखाद्या चाहत्यासारखा ग्राउचोचा फोटो मागितला होता. ग्राउचोनं फोटो पाठवला तो मिशी नसलेला, चिरूट नसलेला, एका वयस्क सभ्य गृहस्थाचा. एलियटनं आभार मानले, पण भेटायला येणाऱ्यांना हा कोण ते ओळखू येत नाही, तेव्हा मिशी आणि चिरूट असलेला पाठवा, असं कळवलं. तोही गेला. कवीच्या संग्रही येट्स आणि व्हॅलेरी या कवींच्या फोटोंच्या पंगतीला हा विनोदी नट जाऊन बसला.

तीन वर्षांनी, जून 1964 मध्ये, ग्राउचो लंडनला आला आणि एलियटनं त्याला जेवायला बोलावलं. त्या संध्याकाळचं वर्णन ग्राउचोनं आपला भाऊ गम्मो याला लिहिलेल्या पत्रात आहे. मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. जेवणाला जाण्यापूर्वी या माणसानं परीक्षेला बसावं तशी तयारी केली होती. एलियटचं कॅथीड्रलमधल्या खुनावरचं नाटक दोनदा वाचलं, 'द वेस्ट लँड' तीनदा वाचलं, आणि गप्पा अडल्याच तर असू द्यावा म्हणून 'किंग लिअर'ही वाचून ठेवला. वय होतं त्र्याहत्तर.

जेवताना त्यानं 'द वेस्ट लँड'मधल्या ओळी म्हटल्या. कवी किंचित हसला. मग यानं 'लिअर' काढला. तीन मुलींना बापानं विचारायचं, तुमच्यापैकी माझ्यावर सगळ्यांत जास्त प्रेम कोणाचं? आणि जिला खोटी स्तुती जमली नाही, त्या लाडक्या धाकटीलाच हाकलायचं? हा निव्वळ मूर्खपणा आहे, असं त्यानं मांडलं. ग्राउचो स्वतः तीन मुलांचा बाप होता. हे कोणा समीक्षकाकडून उसनं घेतलेलं मत नव्हतं. त्या शोकांतिकेच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यानं नेमका पकडला होता. एलियटचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. त्यानं विचारलं, 'डक सूप'मधला तो कोर्टाचा प्रसंग आठवतो का? ग्राउचोला त्यातला एक शब्दही आठवत नव्हता.

एलियटला मी दोष देत नाही. म्हातारा, थकलेला कवी, आणि ज्यानं आपल्याला इतकं हसवलं तो समोर बसलेला. दुसरं काय विचारणार? पण आपण सगळे विनोदी नटाशी असंच वागतो. त्याला वाचलेलं बोलायचं असतं आणि आपण म्हणतो, ते राहू दे, तो डायलॉग म्हणून दाखव. हा प्रेमापोटी होणारा अन्याय आहे, आणि अन्याय प्रेमापोटी झाला म्हणून कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट. एलियटच्या सुरुवातीच्या काही कवितांत ज्यू लोकांबद्दल हिणकस उल्लेख आहेत. ग्राउचोच्या पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. मला ते पत्र वाचताना हे विसरता येत नाही. पत्रात दिसतो तो अदबीनं, मायेनं वागणारा पाहुणा. दोघांनाही चांगले चिरूट, मांजरं आणि शाब्दिक कोट्या आवडतात, हे तो आवर्जून नोंदवतो, आणि यजमान दमलेत हे ओळखून लवकर निघतो.

पुढच्या जानेवारीत एलियट गेला. जून 1965 मध्ये लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला, लॉरेन्स ऑलिव्हिएसारखे नट त्यात होते. तिथे ग्राउचोनं एलियटची एक कविता वाचली. एकेकाळी रंगभूमी गाजवलेल्या आणि आता अंग थरथरणाऱ्या एका म्हाताऱ्या नट-बोक्याची ती कविता आहे. याच सुमाराला अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं ग्राउचोकडे त्याची पत्रं जतन करण्यासाठी मागितली. शाळा पुरी न केलेल्या त्या मुलाला याचं किती अप्रूप वाटलं, हे त्यानं लपवलं नाही.

ती पत्रं 1967 साली पुस्तकरूपानं निघाली. श्रोतेहो, 'डक सूप' पाहा, पोट दुखेपर्यंत हसा. मग ते पुस्तक मिळवा, आणि त्यातलं गम्मोला लिहिलेलं पत्र सगळ्यांत आधी वाचा.