संगणक ओरडला तेव्हा

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोला, असं सेक्रेटरी म्हणाले. खजिनदार म्हणून दरवर्षी तुम्हाला हिशेब वाचून दाखवला. आज एक असा सांगतो, जो ताळेबंदात आलाच नाही.

गेल्या वर्षी मार्चअखेरीस मी ऑफिसातल्या संगणकावर आदर्श उपविधींची मराठी प्रत शोधत होतो. एका लिंकवर क्लिक केलं आणि सगळा स्क्रीन निळा झाला. भोंगा वाजायला लागला. एक बाई इंग्रजीत बजावत होती की संगणक लॉक झालाय, बंद केलात तर सगळं जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. माझ्या डोळ्यांपुढे सोसायटीचे सगळे हिशेब! मी फोन केला.

पलीकडचा माणूस हिंदीत फार अदबीनं बोलला. आधी म्हणाला, एस्केपचं बटन दाबून धरा. स्क्रीन मोकळा झाला. मला वाटलं, काय हुशार माणूस! मग एक ॲप घ्यायला लावलं, त्यावरचे नऊ आकडे विचारले, मी दिले. बाण आपोआप फिरायला लागला. खातं सुरक्षित आहे का ते तपासू म्हणाला, म्हणून माझं खातं उघडलं, आलेला ओटीपी वाचून दाखवला. 19,800 रुपये गेले. त्यानंतर तो म्हणाला, आता सोसायटीचंही बघून घेऊ. मी पासवर्डची वही उघडली, आणि तेवढ्यात लाईट गेली. त्या दिवशी लाईट जाण्याबद्दल मी पहिल्यांदाच कुणाला शिव्या दिल्या नाहीत.

नंतर पुतण्यानं समजावलं. ते नुसतं एक वेबपान होतं. पान पूर्ण पडदाभर पसरतं, आवाज लावतं, बाण लपवतं. संगणकाला कुलूप लावू शकत नाही. त्यात व्हायरस आहे की नाही हेही त्याला कळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतोच. एस्केप दाबून धरा. नाही जमलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, टास्क मॅनेजर, ब्राउझर बंद. तेही नको वाटलं तर सरळ स्विच. पुन्हा उघडल्यावर 'जुनी पानं परत आणू का' विचारतं, तिथं नाही म्हणायचं. मोबाईलवर ब्राउझर वर सरकवून काढून टाकायचा. आणि 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं कुणी म्हटलं तर दाबायचं नाही. दाबलं की दिवसभर खोट्या नोटिफिकेशनांचा पाऊस. ते आधीच झालं असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये, साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन बंद करता येतं.

हा धंदा लहान नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-2' मध्ये देशभर 76 ठिकाणी छापे घातले. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या नावानं परदेशातल्या लोकांना फसवणारी कॉल सेंटरं त्यात होती. आपल्या जिल्ह्याचंच घ्या. शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत म्हणून जगभर नाव. 2011 साली युको बँकेनं तिथं शाखा काढली, तीही कुलपाविना. त्याच देवस्थानच्या नावानं बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचं प्रकरण 2025 मध्ये गाजलं, गुन्हा दाखल झाला. जिथं घराला दार नाही, तिथंही चोर मोबाईलमधून आला.

पण मंडळी, मला सांगायचंय ते पुढचंच. मी दोन दिवस गप्प बसलो. घरात हिलासुद्धा बोललो नाही. एवढी वर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस, लोक काय म्हणतील? तिसऱ्या दिवशी पुतण्यानं तोंडावरून ओळखलं आणि 1930 ला फोन लावायला लावला. तिथं पहिला प्रश्न, किती वाजता गेले? हे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतात, मग एटीएममधून निघतात. वाटेतच सापडले तर बँका रोखून धरतात. माझे तोवर निघून गेले होते. त्या तासाभरात फोन केला असता तर काय झालं असतं, हा हिशेब मी अजून मांडतो.

पुढच्या मासिक सभेत कमिटीला सगळं सांगितलं, राजीनामाही ठेवला. कुणी हसलं नाही. उलट चहाच्या वेळी तीन जण एकेक करून जवळ आले. एकांनी पाहुण्यांसाठी शिर्डीची खोली भलत्याच साइटवर बुक केली होती. पावती हुबेहूब, तिथं गेल्यावर नावच नाही. एका वहिनींना लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाईल आली होती. तिसऱ्यांचं सांगत नाही, ते समोरच बसलेत! तिघांनीही घरी सांगितलं नव्हतं. म्हणजे एकाच जिन्यात चार घरं, आणि आपण रोज फक्त पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होतो.

राजीनामा परत दिला गेला. ऑफिसातल्या संगणकावर आता एक कागद चिकटवलाय: 'ओरडला तर आधी स्विच, मग शेजारची बेल.' पासवर्डची वही कपाटात गेली.

परवा रात्री पावणेअकराला आमची बेल वाजली. ए विंगमधले आजोबा, हातात मोबाईल, आणि तो अजून ओरडत होता. 'फोन केलेला नाही हां,' आजोबा दारातूनच म्हणाले. मी ब्राउझर काढून टाकला, आवाज थांबला. हिनं तेवढ्या रात्री चहा टाकला.