हातीं असलेला क्षण

ठाण्यांतील खोपटच्या एस. टी. स्थानकांत गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाचें मन बहुधा तेथें नसतें. तें केव्हांच मुक्कामीं पोंचलेलें असतें. सुखाच्या बाबतींतहि माणसाचें असेंच होतें. घर झाल्यावर, मुलें मार्गीं लागल्यावर सुखी व्हावयाचें, असे वायदे तो करीत राहतो.

१९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे दर रविवारीं गीतेवर प्रवचनें देत आणि साने गुरुजी तीं उतरून घेत. सुटकेचा दिवस त्यांच्या हातीं नव्हता, रविवार होता. पुढच्याच सालीं गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. आई १९१७ सालींच निवर्तली होती. तिच्या उपकारांच्या स्मरणानें तीं पानें भरलीं.

कृतज्ञतेनें तुरुंगाच्या भिंती पडत नाहींत. अन्याय गोड मानून घ्यावा, असेंहि ती सांगत नाहीं. याच गुरुजींनीं १९४७ सालीं पंढरपूरचें मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून उपोषण केलें. ज्याला मिळाल्याची जाणीव असते, त्यालाच दुसऱ्याचें न मिळणें बोंचतें.

खोपटची गाडी उशिरा येईलहि. तोंवर शेजाऱ्यानें सरकून दिलेली जागा ओळखली, तर वाट पाहण्याचा वेळहि आयुष्याच्या जमेस धरतां येईल.