कापसाचा उतारा आणि रेषीय बीजगणित



कामगार संघटनेच्या माणसाने बी. एस्सी.च्या गणितावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती बहुजनांच्या मुलांसाठी, आणि अमरावती-अकोल्याच्या वर्गांत ती मुले आज बसतात. रेषीय बीजगणितात ती अडखळतात. कारण व्याख्या आधी फळ्यावर येते, तिची गरज मागाहून, किंवा कधीच नाही.

आम्ही म्हणतो, जिनापासून सुरुवात करा. समजा, अकोटच्या एक क्विंटल कापसातून ३६ किलो रुई व ६२ किलो सरकी निघते. दर्यापूरच्या कापसातून ३२ व ६६. घट दोन-दोन किलो. संध्याकाळी काट्यावर ३४० किलो रुई आणि ६४० किलो सरकी भरली. कुठला कापूस किती आला होता? पोरे खटपट करून पाच-पाच क्विंटल काढतात. तेच चार आकडे चौकटीत मांडले की मॅट्रिक्स झाला. भास्कराचार्यांनी अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावे दिली; आपण गावांची देऊ.

आता दोन्हीकडचा उतारा सारखाच, ३४ व ६४, असता तर? काट्यावर आकडे तेच, पण अकोटचा कापूस किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. डिटर्मिनंट शून्य होतो तो असा. त्यात रीत चुकलेली नसते. माहितीच पुसली गेलेली असते.

अमेरिकेतील एका अभ्यासगटाने १९९० साली विचार करून पहिला अभ्यासक्रम मॅट्रिक्स व उपयोग यांना धरून असावा असे सुचविले. आम्हाला ते पटते. मात्र सिद्धता गाळा असे आम्ही म्हणत नाही. मजुराच्या पोराला हलके गणित देणे हा त्याचा अपमान आहे.

पुढे मूर्तिजापूरचा तिसरा कापूस आणावा, घट तीच. नोंदी दोन, अज्ञाते तीन. आणखी कोणती नोंद हवी, असे वर्गाला विचारावे. बहुतेक जण एकूण कापसाचे वजन मागतील. ते देऊन टाकावे. तरी कोडे सुटत नाही. कारण रुई-सरकीच्या बेरजेला ९८ ने भागले की ते क्विंटल आधीच हाती होते. पुस्तकात यालाच रेषीय परावलंबन म्हणतात. मग एखादा म्हणेल, "सर, तिन्ही गावचा भाव निराळा होता, एकूण रक्कम सांगा." भाव कसे असले तर हीही नोंद फुकट जाईल, हा पुढच्या तासाचा प्रश्न.