मंद आच

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा चिटणीसांनी विषय विचारला. 'घरचे मटण' असे आम्ही सांगताच दूरध्वनीवर क्षणभर काहीच ऐकू येईना. पुढे पत्रिका हाती आली तीत 'गृहपाककला' असे छापलेले होते. आम्ही त्यांना दोष देत नाही. पन्नास वर्षे या मंडळाच्या पंगतीत श्रीखंड-पुरी, मसालेभात, अळूची भाजी आणि कोजागिरीचे आटीव दूध यांचेच राज्य आहे, आणि ते सुखाचे राज्य आहे. परंतु येथे बसलेल्यांपैकी बऱ्याच घरांत रविवारी सकाळी कशाची फोडणी पडते, हे आपण सर्वच जाणतो. ते बोलायचे नाही, एवढाच आजवरचा शिष्टाचार.

जबलपुरात मराठी माणूस एका वाटेने आला नाही. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना झाला. १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन उच्च न्यायालय येथे आले, तेव्हा नागपुराहून वकील आले, कारकून आले. प्रत्येकाने आपले देव आणले, तसा आपला मसालाही आणला. कुणाच्या घरी कोल्हापूरकडील तांबडा-पांढरा रस्सा, कुणाच्या घरी नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची सावजी रीत. आमच्या मातोश्री भंडारा जिल्ह्यातील. त्यांचे जवसाचे तेल आणि ज्वारीचे पीठ गोंदियाहून नैनपूरमार्गे येणाऱ्या लहान रेल्वेने, कुणा ना कुणा नातेवाइकाच्या हाती येत असे. ती गाडी २०१५ साली बंद झाली आणि तो मार्ग आता रुंद झाला आहे. मातोश्रींनाही जाऊन बरीच वर्षे झाली.

आमचे बालपण येथे चेरीतालला एका भाड्याच्या घरात गेले. घरमालक कडक शाकाहारी होते. घर देतानाच 'आमच्या वाड्यात ते चालणार नाही' असे त्यांनी सांगितले होते आणि वडिलांनी मान डोलावली होती. वडिलांचा शब्द आणि चार मुलांची जीभ, या दोहोंमधून मातोश्रींनी वाट काढली. मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या आडोशाला, कोळशाची वेगळी शेगडी. तिच्यावर वेगळे पितळी पातेले. त्याच्या झाकणाची कड कणकेने लिंपलेली. वास बाहेर जाऊ नये म्हणून आच इतकी मंद की पातेल्याला कान लावला तरच आतली बुडबुड ऐकू यावी. सकाळी आठला चढलेले पातेले बारा वाजता उतरे. म्हणजे आमच्या घरच्या मटणाला जी चव होती, ती निम्मी भीतीतून आलेली होती, हे आज हसत सांगता येते.

ही मंद आच काय करते, ते थोडे समजून घेऊ. जनावराचे जे अवयव सतत राबतात, म्हणजे पुढचा पाय, ज्याला येथले खाटीक 'दस्त' म्हणतात, मान आणि नळ्या, त्यांत कोलॅजन नावाचे चिवट द्रव्य भरपूर असते. सुमारे सत्तर अंशांच्या पुढे, पण सावकाश, ते विरघळून त्याचे जिलेटिन होते. रश्शाला ओठाला चिकटणारा दाटपणा येतो तो त्यामुळे. खळखळा उकळले तर तंतू आवळतात, आतला रस पिळून बाहेर पडतो आणि मांस रश्शात असूनही कोरडे लागते. कुकरची आम्ही निंदा करीत नाही. देनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ साली ते यंत्र काढले तेच मुळी हाडे मऊ करण्यासाठी. कुकरात उष्णता एकशेवीस अंशांपर्यंत जाते आणि काम पाऊण तासात आटोपते. कचेरीच्या दिवशी तोच खरा मित्र. मात्र बंद कुकरात रस्सा आटत नाही, मसाला परतला जात नाही आणि मध्येच डोकावून चव पाहता येत नाही.

आता रीत सांगतो. एक किलो मटणात दस्त आणि नळी अर्धीअर्धी घ्यावी. मीठ, हळद, आले-लसणाचे वाटण चोळून तासभर ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर चार मोठे कांदे तांबूस होईपर्यंत परतावे, मग मटण घालून त्याचे सुटलेले पाणी आटून पुन्हा तेल दिसेपर्यंत परतत राहावे. येथे घाई करणाऱ्याचे पुढे काहीच जमत नाही. मग पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतावे. खालची वाफ त्या ताटाला लागून पुन्हा पातेल्यात ठिबकते आणि ताटातले पाणी आपोआप तापते. दर अर्ध्या तासाने तेच गरम पाणी थोडे थोडे आत घालावे, ताटात नवे भरावे. थंड पाणी ओतले की आधण मोडते. ज्यांच्याकडे चूल होती त्यांच्या आज्या पातेले चुलीवरून वैलावर सरकवीत, त्याचे कारण हेच. दोन तासांनी भाजलेले सुके खोबरे, खसखस, धने, दगडफूल, लवंग, मिरे, दालचिनी यांचे वाटण घालावे. आधी घातले तर खसखस बुडाला लागते. पुढे आणखी अर्धा-पाऊण तास. हाड हलवले असता मांस सुटावे, पण आपण होऊन गळू नये.

हे सर्व आम्ही मातोश्रींकडून शिकलो असे वाटेल, पण तसे नाही. आम्ही फक्त जेवलो. त्या गेल्यावर चार वर्षांनी परदेशी असलेल्या आमच्या कन्येने विचारले, 'आजीचे मटण कसे करतात?' आणि घरात कुणापाशी उत्तर नव्हते. मातोश्रींचे माप एकच, 'अंदाजाने'. सहा-सात रविवार आम्ही पातेल्यापाशी उभे राहिलो. दोनदा खसखस जळली, एकदा मटण चामड्यासारखे झाले. वर सांगितलेली रीत त्यातून हाती आली. ती जवळची आहे, तीच नव्हे.

एक प्रसंग सांगितल्यावाचून हे पुरे होणार नाही. आम्ही सातवीत असताना एका रविवारी पातेले चढवल्यावर मातोश्रींना भोवळ आली. वडील त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. आम्ही भावंडे ओसरीवर बसून होतो. शेगडीची आठवण कुणालाच नव्हती. दुपारी मातोश्री परतल्या, तो घरमालकीणबाई मागच्या अंगणात पाट टाकून, नाकाला पदर लावून बसलेल्या. पातेल्याला त्यांनी हात लावला नव्हता. फक्त चिमट्याने कोळसे मागेपुढे करीत होत्या. म्हणाल्या, "बहू, बच्चे भूखे थे. आंच हमने संभाल ली है, उतारना तुम." आणि घरी जाऊन त्यांनी स्नान केले. त्यांना सारे पहिल्या महिन्यापासून ठाऊक होते. मातोश्री त्या दिवशी जेवल्या नाहीत. पदराने डोळे पुसत आम्हांला वाढत राहिल्या.

बंधुभगिनींनो, या वस्तीच्या नावाची कथा आपण ऐकली असेल. राणी दुर्गावतीच्या काळी राणीचे ते राणीताल, मंत्री आधारसिंहांचे ते आधारताल, आणि दासीचे, म्हणजे चेरीचे, ते चेरीताल, असे सांगतात. ज्या गावाने दासीचेही नाव राखले, त्या गावातील आपल्या मंडळाने कुणाच्या स्वयंपाकघराचे नाव गाळू नये, एवढेच आमचे मागणे आहे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणीमित्र' लिहिले, त्यात शाकाबरोबर मांस-मासळीलाही पान दिले. आपणही एक वही घालावी. प्रत्येक घराने आपला एक पदार्थ मापासह लिहून द्यावा. पुरणपोळी असो वा पायाचा रस्सा. जी वडीलधारी मंडळी आज आहेत, त्यांच्यापाशी पुढच्याच रविवारी वाटी-चमचा घेऊन बसावे, कारण 'अंदाज' वारसांच्या नावे लावून देता येत नाही. वार्षिक पंगती दोन असू द्याव्यात, ज्याला जे वर्ज्य ते त्याच्या पानात येऊ नये. परंतु मांडव एक असावा.

दुसऱ्याचे पातेले आपण खाणार नसलो तरी त्याखालची आच सांभाळता येते, हे आम्हांस एका परक्या बाईंनी शिकवले. ते ऋण आज आपल्यासमोर मान्य करून आपली रजा घेतो.