‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

(मंडळीच्या तरुण संघ व महिला संघाच्या संयुक्त सभेत केलेले भाषण)



तुमच्यापैकी पुष्कळ जण पाड्यांवरच्या लोकांना ऑनलाइन अर्ज भरायला मदत करता. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनची ई-केवायसी, सगळे आता संगणकातून जाते. तिथले चार शब्द कळले नाहीत, तर गरीब माणसाची मजुरी बुडते आणि जीपचे भाडेही जाते. म्हणून आज मी फक्त काही शब्दांचा अर्थ सांगणार आहे.

पहिला शब्द सर्व्हर. सर्व्हर हाही एक संगणकच. तो दूर कुठेतरी असतो, त्यात नोंदी ठेवलेल्या असतात आणि आपण मागितलेली माहिती तो पाठवतो. तहसीलचे रेकॉर्ड रूम समजा. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे रेकॉर्ड रूमच बंद आहे. ‘नेट नाही’ म्हणजे तिथे जाणारा रस्ता बंद आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धडगावकडच्या एका आजींना एका केंद्रात सलग तीन दिवस ‘सर्व्हर डाऊन, उद्या या’ असे सांगितले. नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. चौथ्या दिवशी आपला एक तरुण त्यांच्याबरोबर गेला. त्याने त्याच संगणकावर दुसरी एक साइट उघडायला सांगितली. तीही उघडेना. मग त्याने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून दिला आणि अर्ज उघडला! सर्व्हर चालूच होता, केंद्राची लाइन बंद होती. कोणी मुद्दाम खोटे बोलले असे नाही, पण एका चुकीच्या शब्दापायी तीन दिवस गेले.

म्हणून ही परीक्षा लक्षात ठेवा. दुसरी साइट उघडते, तर नेट ठीक आहे, अडचण त्या एका साइटची आहे. पहाटे किंवा रात्री गर्दी कमी असताना पुन्हा प्रयत्न करा. कोणतीच साइट उघडत नसेल, तर दुसरे नेट शोधा.

दुसरा शब्द वाय-फाय. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. खोलीतल्या राउटरपासून तुमच्या फोनपर्यंतचा बिनतारी जोड म्हणजे वाय-फाय. राउटरच्या पुढे बाहेरची लाइन लागते. घरातला नळ चांगला आहे, पण गावच्या पाइपलाइनला पाणी नाही, तसे होते. म्हणून वाय-फायच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरी काही उघडत नाही.

तिसरा, केबी आणि एमबी. ही फाइलची मापे. एक एमबी म्हणजे सुमारे हजार केबी. मोबाइलने काढलेला फोटो अनेकदा तीन-चार एमबीचा असतो आणि अर्जाला हवा असतो मोजक्या केबींचा. तो अपलोड झाला नाही, की लोक म्हणतात, ‘अर्ज नामंजूर झाला.’ तसे नसते. फोटो लहान करायचा, अक्षरे वाचता येतात ना ते पाहायचे आणि पुन्हा चढवायचा.

चौथा, साइटचा पत्ता. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ इतकाच, की वाटेत तुमची माहिती कोणी वाचू शकत नाही. पलीकडे प्रामाणिक माणूस बसला आहे, याची हमी ते कुलूप देत नाही. सरकारी साइटचे नाव बहुधा ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ने संपते. पहिल्या तिरक्या रेघेआधी नावाचा शेवट काय आहे, ते पाहा. ‘गव्ह’ मध्येच आणि शेवटी भलतेच असेल, तर ती साइट सरकारची नाही.

पाचवा, ओटीपी. ही एकदाच चालणारी किल्ली. फोनवर मागणाऱ्याला ती कधीही देऊ नका, तो बँकेचा साहेब म्हणवत असला तरी. केंद्रात मात्र ती टाकावीच लागते. तिथे आधी मेसेज मोठ्याने वाचून दाखवा, कशासाठी आहे आणि त्यात रक्कम लिहिली आहे का ते सांगा, मगच टाका. पैसे गेलेच, तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

शेवटचा, लॉगआउट. काम संपल्यावर बाहेर पडा आणि डाउनलोड फोल्डरमध्ये राहिलेले आधार, पासबुक पुसून टाका. ‘रिसायकल बिन’ही रिकामा करा. गरिबाच्या कागदाला श्रीमंताच्या कागदाइतकेच जपले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. अंगठा जुळला नाही किंवा नेट नाही, एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याचे रेशन नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१७ पासून आहेत. दुकानात हे नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

बंधुभगिनींनो, हे शब्द स्वतःजवळ ठेवू नका. पावरीत, भिलीत, ज्याच्या त्याच्या बोलीत समजावून सांगा. अर्ज भरताना त्या माणसाला शेजारी बसवा, पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवा आणि अर्जाचा क्रमांक त्याच्या हातात लिहून द्या. पुढच्या वेळी त्याला तुमची गरज कमी लागली, तर आपली सेवा फळाला आली असे समजा.